सतरा घास

जुफैरच्या चौदाव्या मजल्यावर, खाडीकडे तोंड करून,
आम्ही बसलो पावणेआठला.
टेबलावर एक करडा दगड, एक चिमटा
आणि दुमडलेला कागद: सतरा आकडे, आकड्यांपुढे काही नाही.

जागा हेमांगीनं धरली होती, दोन महिने आधी,
स्वतःच्या पैशांनी, मला न विचारता.
तीन वर्षं झाली तिचं नाक गेलं त्याला.
(अब्रू नव्हे. वास.)
ताप उतरला, नाक परतलं नाही.
तेव्हापासून फोडणी ती कानानं करते:
मोहरी थांबली की हिंग, हिंग फसफसला की बास.

"तू सांगायचंस," ती म्हणाली. "मी नुसती चावणार."

पहिला आला ऑलिव्ह. ऑलिव्ह नव्हताच तो,
ऑलिव्हच्या रसावर रसाचंच कातडं, चमच्यात थरथरणारं.
"चावू नका," रोडेल म्हणाला, "टाळूवर दाबा."
फुटला.
"फुटला!" तिचे डोळे एवढे. "आता बोल."
खारट, म्हटलं. शेवटी जरा कडवट.
"ते जिभेचं. ते आहे माझ्याकडे अजून.
नाकातलं सांग."

एकवीस वर्षं मी हिद्दला
समुद्रातून मीठ वेगळं काढतोय.
माझे शब्द मीटरवरचे: इतके भाग, इतका दाब.
नाकातलं म्हणजे काय सांगू?
कापलेलं गवत, म्हटलं. नाही, थांब,
नवा कोरा पाट, ज्यावर कुणाकडून तेल सांडलंय.
ती मान हलवत राहिली,
अनोळखी गावात पत्ता ऐकावा तशी.

काचेखाली धूर आला: भाजलेलं कणीस, पण आधी भिजलेलं.
टोमॅटोचं पाणी आलं, रंग काढून घेतलेलं.
"देठाचा वास," मी म्हटलं, "खुडल्यावर बोटांना राहतो तो."
"अंगठ्याला," ती म्हणाली.

सहावा नुसता फेस.
"समुद्र," रोडेल म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरला.
मला हसू फुटलं. जे मी दिवसभर काढून फेकतो
ते इथं सोनेरी काठाच्या बशीत, चमचाभर.
"हसू नकोस. सांग."
"माझा शर्ट," मी म्हटलं. "संध्याकाळी घरी येतो तेव्हाचा."

ती काही बोलली नाही.
मग तिनं तोच फेस परत मागितला.
दुसऱ्यांदा देत नाहीत, रोडेल म्हणाला,
आत गेला, आणि घेऊन आला.

अकरा-बारा मला आठवत नाहीत,
आम्ही जरा भांडलो, ओंकारच्या फीवरून.
तेराव्यापासून तीच सांगू लागली:
हा करकरतो, हा भुसभुशीत,
हा लिबलिबीत असून वर आव आणतो,
हा दाताला कळायच्या आत संपला, लबाड.
मला यातलं काहीच जाणवलं नव्हतं.
मी वास घेत बसलो होतो.

इन्याकी स्वतः बाहेर आला, ॲप्रनवर माकुळाची शाई.
काय आवडलं?
"आवाज," ती म्हणाली, मराठीतच.
मी इंग्रजी करून सांगितलं. त्यानं ते मनगटावर लिहून घेतलं.

सतरावा शिंपल्यात: साखरेचा मोती.
इथले पाणबुडे, रोडेल पाठ केलेलं सांगत होता,
नाकाला हाडाचा चिमटा लावून तळाशी जायचे.
"नाक बंद करून?" हेमांगीनं विचारलं.
हो, मॅडम.
तिनं मोती कडाडकन फोडला. शेजारच्या टेबलानं वळून पाहिलं.

खाली दार सरकलं आणि दोघांचे चष्मे एकदम पांढरे.
रात्रीचे साडेअकरा, ऑगस्ट, हवा ओल्या टॉवेलासारखी.
"अठरावा," ती म्हणाली. "सांग."
दमट, म्हटलं.
"ते अंगाला कळतंय. सांग ना."

ओहोटी, मी सुरुवात केली. डिझेल.
कुणाच्या तरी कपड्यांतला ऊद, लिफ्टपासून मागे आलेला.
गाडी कुठे लावली ते आठवत नव्हतं.
आम्ही शोधत राहिलो, मी सांगत राहिलो.